सहा रंगांचा फोटो प्रिंटर: आकाश गुलाबी येतं, झाडं मात्र बरोबर. सुरुवात कुठून करायची?

फुटाळाकाठ

नमस्कार मंडळी. घरच्या फोटोंसाठी सहा रंगांचा इंक टँक प्रिंटर बसवला आहे. ए४ साइज, कागद मागून लागतो, डाय इंक. काळा, सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि वर लाइट सायन, लाइट मॅजेंटा. नेमकी माहिती देतो म्हणजे अंदाज लागेल.

शाई भरून पहिलं इंक चार्जिंग पूर्ण झालं. नंतर प्रिंटर टेबलावरून उचलून कपाटाशेजारच्या रॅकवर नेला. हेड अलाइनमेंट (शाई फवारणाऱ्या हेडची जुळवणी) अजून केलेली नाही. कागद नागपूरच्या बर्डीवरून आणलेला, ४ बाय ६ इंच, १८० जीएसएम ग्लॉसी. ड्रायव्हरमध्ये कागद ‘फोटो पेपर ग्लॉसी’, क्वालिटी ‘हाय’. विंडोजच्या साध्या फोटो ॲपमधून छापतो, कधी थेट मोबाइलवरून.

तपासायला तीन फोटो ठरवून घेतले. दीक्षाभूमीचा घुमट सकाळच्या उन्हात, म्हणजे पांढरा आणि राखाडी कळतो. टोपलीतली संत्री, म्हणजे केशरी कळतो. आणि नागपूरच्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, त्यात काळी मारबत, पिवळी मारबत, गर्दीतले चेहरे, सगळंच.

आता काय होऊन राहिलं ते सांगतो. घुमट आणि आकाश गुलाबी येतं. चेहरे लाल. पण घुमटामागची गर्द झाडं जशीच्या तशी हिरवी, काळी मारबतही काळीच. आकाशात बारीक आडव्या रेघा दिसतात, एकसारख्या अंतरावर नाहीत. शिवाय सगळ्याच प्रिंट स्क्रीनपेक्षा अंधाऱ्या. नोझल चेक (शाईच्या छिद्रांची चाचणी, पायऱ्यापायऱ्यांच्या रेघांचं पान) काढला, सहाही रंग आलेले दिसतात.

ड्रायव्हरमध्ये सायनचा स्लायडर वाढवू का? की कागद बदलू? खोलीत डेझर्ट कूलर चालतो, त्यानं काही फरक पडतो का तेही सांगा.

सहारंगी

स्लायडरला हात लावू नका. तुमच्या वर्णनातच उत्तर आहे: फिकट भाग बिघडला, गडद भाग शाबूत. ही लाइट सायन नीट येत नसल्याची खूण आहे.

सहा रंगांचा प्रिंटर आकाश, त्वचा, पांढऱ्या भिंतीवरची सावली असे फिकट भाग बहुतांशी लाइट सायन आणि लाइट मॅजेंटानं भरतो. कारण गडद सायनचे ठिपके विरळ टाकले तर ते डोळ्याला टोचतात, दाणेदार दिसतात. रंग जसजसा गडद होतो तसा साधा सायन त्याची जागा घेतो. लाइट सायनची निम्मी नोझलं बंद असतील तर आकाशात लाइट मॅजेंटा तेवढा उरतो, आणि आकाश गुलाबी दिसतं. झाडांत साधा सायन आहे, तो वाहतो आहे, म्हणून झाडं हिरवी. दोष कागदाचा किंवा प्रोफाइलचा (कागद आणि शाईनुसार रंग जुळवणाऱ्या फाइलचा) असता तर झाडांचाही रंग फिरला असता. सायनचा स्लायडर वाढवलात तर आकाश थोडं सावरेल, पण झाडं निळी पडतील आणि बंद नोझल बंदच राहील.

“सहाही रंग दिसतात” यावर मात्र विसंबू नका. नोझल चेकमध्ये रंग दिसणं पुरेसं नसतं, प्रत्येक पायरीवरची रेघ अखंड हवी. लाइट सायन आणि पिवळ्याच्या रेघा इतक्या फिक्या असतात की पिवळसर एलईडी बल्बखाली तुटलेली रेघही पूर्ण वाटते. त्यासाठी एक सोपा उपाय आहे. नोझल चेक पांढऱ्याशुभ्र बाँड पेपरवर काढा. मोबाइलवर पूर्ण लाल रंगाचं चित्र उघडा, ब्राइटनेस पूर्ण करा, खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइल कागदापासून चार इंचांवर धरा. सायन लाल प्रकाश शोषतो, त्यामुळे लाइट सायनच्या रेघा काळपट होऊन उठून दिसतात आणि मधल्या गळलेल्या पायऱ्या मोजता येतात. याच रीतीनं पिवळ्यासाठी निळी स्क्रीन, लाइट मॅजेंटासाठी हिरवी.

गळलेल्या पायऱ्या दिसल्या की एक हेड क्लीनिंग, मग लगेच नोझल चेक, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. पायऱ्या दोन्ही वेळा त्याच जागी गळत असतील तर तिथं शाई वाळली आहे, क्लीनिंगनं सुटेल. जागा बदलत असेल तर नळीत हवा आहे. भरलेला प्रिंटर उचलून हलवलात, तेव्हा तो तिरपा झाला असेल तर हे सहज होतं. हवेवर वारंवार क्लीनिंगचा उपयोग कमी, उलट शाई ओढता ओढता आणखी बुडबुडे येतात. अशा वेळी प्रिंटर बटनानं बंद करून बारा तास तसाच ठेवायचा. टाकीतली पातळी खालच्या खुणेच्या वर आहे ना तेही पाहून घ्या. जुन्या काही मॉडेलांत टाकीशेजारी ट्रान्सपोर्ट लॉक असतो, तो ‘प्रिंट’कडे फिरवलेला हवा.

क्लीनिंग लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा करू नका. तीनदा करूनही फरक नसेल तर तेच बारा तास.

रेघांबद्दल. वेड्यावाकड्या अंतरावरच्या आणि फक्त फिकट भागात दिसणाऱ्या रेघा याच बंद नोझलांच्या आहेत, वेगळा उपाय नको. साधारण अडीच सेंटीमीटरच्या ठराविक अंतरानं रेघ येत असती तर कागद सरकण्याचा दोष धरून हॉरिझाँटल अलाइनमेंट करायला सांगितलं असतं. अलाइनमेंट तुम्हाला करायचीच आहे, पण नोझल पूर्ण झाल्यावर. तुटक्या नोझलांवर केलेली अलाइनमेंट चुकीची बसते.

वर्धारोड

एवढं कशाला भाऊ, सरळ पॉवर क्लीनिंग मारा. एका डावात नळ्या साफ.

सहारंगी

@वर्धारोड, पॉवर क्लीनिंग हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. त्यात सहाही नळ्यांतली शाई एकदम बदलली जाते, म्हणजे एका रंगासाठी बाकी पाच रंग वाया. ती सगळी शाई आतल्या वेस्ट इंक पॅडमध्ये जाते आणि पॅडची क्षमता ठरलेली असते. पॅड भरलं की प्रिंटर छापणं थांबवतो. शिवाय टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या नसतील तर पॉवर क्लीनिंगमध्येच हवा आत ओढली जाते आणि होता तो दोष वाढतो. एकदा केलं की पुढच्यासाठीही बारा तास थांबावं लागतं. साध्या क्लीनिंग आणि विश्रांतीनंतरही पायऱ्या गळत असतील तरच त्याकडे वळावं.

खसताटी

कूलरबद्दल विचारलं आहे, त्यावर सविस्तर सांगतो, कारण नागपुरात अर्धे दोष हवेचे असतात आणि लोक शाईला बोल लावतात.

बहुतेक घरगुती इंकजेट १० ते ३५ अंश तापमान आणि २० ते ८० टक्के आर्द्रतेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात बाहेर पारा ४५ वर गेला की तिसऱ्या मजल्यावरची बंद खोली दुपारी ३५ च्या कितीतरी पुढे जाते. कूलर बंद असेल तेव्हा हवा इतकी कोरडी की नोझलच्या तोंडावरची शाई भराभर घट्ट होते. कूलर सुरू केला की तीच खोली काही मिनिटांत ओलसर. हे वरखाली होणं प्रिंटरपेक्षाही कागदाला जास्त बाधतं. फोटो पेपरचा वरचा लेप ओलावा पितो आणि फुगतो, मागची बाजू तेवढी फुगत नाही, त्यामुळे कागद वाकतो. दमट हवेत कोपरे मागच्या बाजूला वळतात, कोरड्या हवेत छापायच्या बाजूला वर उठतात. वर उठलेला कोपरा जास्त वाईट. त्यावर हेड घासतं, प्रिंटच्या कडेला काळा ओरखडा येतो आणि हेडला कागदाचा भुसा चिकटतो.

म्हणून प्रिंटर कूलरच्या झोतात कधीच नको, आणि झोत भिंतीवर आपटून जिथं वळतो त्या कोपऱ्यातही नको. कूलरला नवीन ताट्या (गवताचे पॅड) बसवल्यावर पहिले काही दिवस खसाचे, वुडवूलचे बारीक तंतू हवेतून येत राहतात. ओल्या प्रिंटवर असा तंतू बसला की निघतच नाही, काढायला गेलं की लेपासकट सुटतो. हाताच्या बोटावर प्रिंट तिरपी धरून खिडकीकडे पाहा: ग्लॉसी पृष्ठावर केसासारखी बारीक उंच रेघ दिसली की तो तंतू समजा. शाईचा दोष असा उठून येत नाही, तो सपाट असतो.

छापायची वेळ उन्हाळ्यात सकाळी सहा ते नऊ. कूलर वीस मिनिटं आधी बंद करा, कागद पाकिटातून लागेल तेवढाच काढा. प्रिंट सुकेपर्यंत कूलर नको, पंखाही अगदी मंद.

आता विजेचं. आपल्याकडे काम झालं की बोर्डावरचं बटन खाली करायची सवय असते. इंकजेटला हीच सवय मारते. प्रिंटरच्या स्वतःच्या बटनानं बंद केलं तरच हेड उजव्या टोकाला जाऊन रबरी टोपीवर बसतं. बोर्डावरून बंद केलं आणि हेड मधेच असलं तर नोझलं उघडी राहतात, आणि आपल्या उन्हाळ्यात एक दुपार पुरते. आधी प्रिंटरचं बटन, दिवा पूर्ण विझू द्या, मग बोर्ड. वादळात मधेच लाइट गेली तर आल्याबरोबर प्रिंटर सुरू करा, हेड आपोआप जागेवर जाईल. घरचा इन्व्हर्टर पुरतो, घरगुती इंकजेट फार वीज खात नाही.

आठवड्यातून एकदा सहाही रंग वापरले जातील अशी छोटी पट्टी छापा. काळ्या अक्षरांचं पान छापून उपयोग नाही, त्यात बाकी रंग जागचे हलत नाहीत. आणि हेही लक्षात ठेवा की प्रत्येक वेळी सुरू करताना प्रिंटर थोडी शाई स्वतःच्या सफाईवर घालवतो, म्हणून दिवसातून चारदा चालूबंद करण्यापेक्षा कामं एकत्र काढलेली बरी.

गांधीबाग_कागद

कागदाकडेही पाहा. १८० जीएसएमच्या नावाखाली बाजारात मिळतो तो बहुतेक कास्ट कोटेड असतो, म्हणजे साध्या कागदावर चकाकीचा लेप. २४० ते २७० जीएसएमच्या वरच्या दर्जाच्या कागदात दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्याला आरसी म्हणतात. ओळखायचं असेल तर एक कोपरा हळू फाडा. कास्ट कोटेड वहीच्या पानासारखा फाटतो, कडेला तंतू दिसतात. आरसी कागद फाटताना आधी ताणतो आणि कडेला पारदर्शक पापुद्रा लोंबतो.

फरक कुठं पडतो? कास्ट कोटेडमध्ये शाई खालच्या कागदात उतरते. काळा रंग राखाडीकडे झुकतो, गडद भाग जास्त असेल तर अख्खा कागद लाटांसारखा होतो. तुमच्या प्रिंट अंधाऱ्या आणि मळकट वाटतात त्यात याचा वाटा असणारच. आरसी मायक्रोपोरस कागद शाई वरच्या थरातच धरतो, म्हणून रंग खुलतो आणि हाताला लवकर कोरडा लागतो.

कोणती बाजू छापायची कळत नसेल तर कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा. जी बाजू बोटाला चिकटते ती छापायची. मागून कागद घालायच्या प्रिंटरमध्ये ती बाजू आपल्याकडे तोंड करून, कागद उभा. जाड कागद असेल तर एका वेळी एकच पान घाला. कागदाची गाइड कागदाला टेकवा पण दाबू नका, दाबलं की कागद मधे फुगतो.

ड्रायव्हरमधलं कागदाचं नाव म्हणजे नुसती चिठ्ठी नाही. त्यावरून किती शाई टाकायची आणि हेड किती उंच ठेवायचं ते ठरतं. दुसऱ्या ब्रँडचा आरसी कागद असेल तर प्रिंटरच्या कंपनीचा जो सगळ्यात जवळचा ‘प्रीमियम ग्लॉसी’ प्रकार असेल तो निवडा. कास्ट कोटेडला तोच प्रकार दिला तर शाई जास्त पडून साचते, त्याला ‘फोटो पेपर ग्लॉसी’ किंवा त्याहून हलका प्रकार बरा. १०० पानांचं पाकीट घ्यायच्या आधी २० चं घ्या आणि तुमचे तेच तीन फोटो छापून पाहा.

साठवण सोपी आहे. मूळ पाकिटात, आडवं, वर पुस्तकाचं वजन, आत सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात गोदरेजच्या कपाटात. उभं ठेवलेलं पाकीट वाकतं आणि मग ते कधीच सरळ होत नाही.

फुटाळाकाठ

सगळ्यांचे आभार. करून पाहिलं ते सांगतो.

लाल स्क्रीनखाली लाइट सायनच्या मधल्या चार पायऱ्या गायब निघाल्या. बल्बखाली तोच कागद पूर्ण वाटत होता! पहिल्या क्लीनिंगनंतर तीन गायब, पण वेगळ्या जागी. म्हणजे सहारंगी ताई म्हणाल्या तशी हवा. रात्रभर, पूर्ण बारा तास प्रिंटर बंद ठेवला. सकाळी एक क्लीनिंग, आणि नोझल चेक अखंड. मग अलाइनमेंट केली. आकाश निळं, घुमट जवळजवळ पांढरा, रेघा गेल्या. प्रिंटर कूलरसमोरून हलवला, या वेळी सपाट धरून. २७० जीएसएमचा आरसी कागद आणला, प्रकार ‘प्रीमियम ग्लॉसी’.

राहिलं ते असं. प्रिंट अजूनही स्क्रीनपेक्षा अंधारी. संत्र्यांच्या सालीवरचे बारीक खड्डे स्क्रीनवर दिसतात, छापल्यावर नुसता केशरी गोळा. मोबाइलवरून छापलेला आणि कॉम्प्युटरवरून छापलेला तोच फोटो वेगवेगळा येतो. फोटो एडिटरमध्ये प्रोफाइल निवडायची सोय आहे, ती वापरली तर प्रिंट आणखीच लाल होते. काहून?

मॅटफिनिश

शेवटच्या प्रश्नापासून घेतो, कारण तिथं नेमकी चूक दिसते. रंग सांभाळायचं काम एकानंच करायचं असतं, ॲपनं किंवा प्रिंटरनं. एडिटरमध्ये कागदाची आयसीसी प्रोफाइल निवडली की एडिटर रंग आधीच त्या कागदासाठी बदलून पाठवतो. ड्रायव्हरमध्ये रंगसुधारणा तशीच चालू असेल तर तो ते पुन्हा बदलतो. दोनदा दुरुस्ती झाली की प्रिंट बहुधा लालीकडे जाते, सावल्या जड होतात.

तेव्हा एक रस्ता धरा. पहिला: एडिटरमध्ये ‘कलर मॅनेज्ड बाय प्रिंटर’, ड्रायव्हरमध्ये रंगसुधारणा चालू, फोटो एसआरजीबी या नेहमीच्या रंगपटात. घरच्या अल्बमसाठी हा पुरेसा आहे. दुसरा: एडिटरमध्ये प्रोफाइल, आणि ड्रायव्हरच्या प्रगत पानावर कलर करेक्शन ‘कस्टम’ करून त्यात ‘नो कलर ॲडजस्टमेंट’. प्रोफाइल त्याच प्रिंटरची, त्याच शाईची, त्याच कागदाची हवी. दुसऱ्या कागदाची प्रोफाइल लावण्यापेक्षा पहिला रस्ता कधीही चांगला.

मोबाइल आणि कॉम्प्युटरचा फरक: हल्लीचे बरेच मोबाइल डिस्प्ले पी३ या मोठ्या रंगपटात फोटो ठेवतात. छापणारं ॲप तो टॅग वाचत नसेल तर रंग चुकतात. छापण्याआधी एसआरजीबीत एक्स्पोर्ट करा, दोन्हीकडून सारखं येईल. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो असेल तर तो बहुधा लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास असतो. ४ बाय ६ ला तो साधारण २६७ पीपीआय पडतो, चालतो. ए४ ला मात्र मऊ दिसेल, तिथं मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

संत्र्यांची साल. उजळ, भडक केशरी स्क्रीन प्रकाशानं दाखवते, कागदाला ते शाईनं दाखवायचं असतं. कागदावर न बसणाऱ्या छटांचं काय करायचं हे रेंडरिंग इंटेंट ठरवतो. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ बाहेरच्या छटा काठावर आणून ठेवतो. सालीवरच्या उजळ आणि थोड्या गडद केशरी छटा दोन्ही काठावरच येतात, एकसारख्या होतात, आणि खड्डे बुजतात. ‘पर्सेप्चुअल’ सगळाच रंगपट थोडा आवळतो, केशरी किंचित उतरतं पण छटांमधला फरक टिकतो, खड्डे परत दिसतात. अशा फोटोला पर्सेप्चुअल. दीक्षाभूमीच्या घुमटासारख्या सौम्य रंगांच्या फोटोला रिलेटिव्ह, सोबत ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू. गिंप आणि डार्कटेबल या दोन्ही फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये सॉफ्ट प्रूफची, म्हणजे छापलेला रंग स्क्रीनवर आधीच पाहायची सोय आहे. त्यात ‘गॅमट वॉर्निंग’ लावलं की कुठल्या छटा कागदाबाहेर जातात ते आधीच दिसतं. तिथं केशरीचं सॅच्युरेशन दहाएक टक्के उतरवलं तरी साल सुटते.

अंधाऱ्या प्रिंटचं कारण नव्वद टक्के वेळा स्क्रीन असते. मॉनिटर किंवा लॅपटॉप पूर्ण ब्राइटनेसवर असेल तर तिच्यासमोर कुठलाही कागद काळवंडलेलाच दिसणार. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कोरा फोटो पेपर धरा, खिडकीच्या उजेडात. स्क्रीन कागदाएवढीच पांढरी दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. यंत्र असेल तर १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर. आता फोटो पुन्हा पाहा, तो स्क्रीनवरच अंधारा दिसेल, आणि तसाच तो छापला जात होता. दुरुस्त करताना ‘ब्राइटनेस’ न वाढवता कर्व्हचा मधला भाग थोडा वर उचला. ब्राइटनेस वाढवलं की काळी मारबत राखाडी होते. कर्व्हनं काळा जागेवर राहतो आणि चेहरे उजळतात.

सहारंगी

यात भर घालते. प्रत्येक बदलाला अख्खा ४ बाय ६ कागद घालवू नका. एका पानावर २ बाय ३ इंचाचे चार तुकडे मांडा, चारही त्याच फोटोचा तोच भाग, फक्त कर्व्ह वेगवेगळा. मागे परमनंट मार्करनं सेटिंग लिहा, आरसी कागदावर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनचा दाब पुढं दिसतो. मात्र कागदाचा प्रकार किंवा इंटेंट बदलत असाल तर वेगळं पान लागेल. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या की कुठल्यानं फरक पडला ते कळत नाही.

निर्णय ओल्या प्रिंटवर घेऊ नका. डाय इंक सुकताना रंग थोडा फिरतो. पंधरा मिनिटांनी पहिली नजर, खरा निर्णय दुसऱ्या दिवशी. आणि तो खिडकीजवळ, थेट ऊन नसताना. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली तीच प्रिंट निळसर दिसते, पिवळ्या बल्बखाली तांबूस.

वर्धारोड

पॉवर क्लीनिंगचं कळलं, धन्यवाद. एक पर्याय इथं नोंदवून ठेवतो, दुसरं कोणी वाचत असेल तर. महिन्याला दहावीसच ४ बाय ६ छापायचे असतील तर डाय सब्लिमेशनचा छोटा प्रिंटर विचारात घ्या, कॅननचा सेल्फी सीपी१५०० सारखा. त्यात शाई नाही, नोझल नाही, महिनाभर बंद राहिला तरी काही वाळत नाही. रिबनवरचा पिवळा, मग मॅजेंटा, मग सायन आणि शेवटी पारदर्शक थर असे चार फेरे होतात. कागद दर फेऱ्याला मागून बाहेर येतो, म्हणून मागे भिंतीला टेकवून ठेवायचा नाही. रिबन आणि कागदाचा १०८ प्रिंटचा संच एकत्र मिळतो, त्यामुळे एका प्रिंटचा खर्च म्हणजे संचाची किंमत भागिले १०८, त्यात लपलेलं काही नाही. धुळीचा कण मात्र जपा: कागदावर कण असला की त्या जागी रंग चढत नाही, पांढरा ठिपका राहतो. ए४ लागत असेल तर अर्थात हा नाही.

फुटाळाकाठ

मॅटफिनिश भाऊ, निदान अचूक निघालं. ड्रायव्हर आणि एडिटर दोन्हीकडे दुरुस्ती चालू होती. ‘प्रिंटर मॅनेजेस’ ठेवलं, लाली गेली. स्क्रीन १०० वरून ३५ टक्क्यांवर आली तेव्हा कुठं कागदाशी जुळली. पर्सेप्चुअलवर सालीचे खड्डे दिसतात.

दोन शेवटचे प्रश्न. बॉर्डरलेस छापलं की कडेच्या माणसाचं डोकं कापलं जातं. आणि दहाबारा बॉर्डरलेस प्रिंटनंतर कागदाच्या मागे शाईचे डाग येऊ लागलेत.

मॅटफिनिश

डोकं दोन कारणांनी कापलं जातं. मोबाइलचा फोटो ४:३ असतो, ४ बाय ६ कागद ३:२. कागद पूर्ण भरायचा तर फोटोच्या आखूड बाजूचा नववा हिस्सा जाणारच. कुठला जाऊ द्यायचा ते ॲपवर सोडू नका, आधी स्वतः ३:२ मध्ये क्रॉप करा. दुसरं, बॉर्डरलेसमध्ये प्रिंटर फोटो कागदापेक्षा थोडा मोठा करतो, म्हणजे कागद किंचित सरकला तरी पांढरी कड उरत नाही. ड्रायव्हरमध्ये ‘एक्स्पान्शन’ किंवा ‘एन्लार्जमेंट’ नावाचा पर्याय असतो, तो ‘मिनिमम’ला आणा आणि क्रॉप करताना चारही बाजूंनी तीनचार मिलिमीटर मोकळे सोडा. पासपोर्ट फोटो बॉर्डरलेसवर कधीच छापू नका, माप वाढतं. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो ४ बाय ६ वर बॉर्डरसकट बसतात: लांबीत चार, रुंदीत दोन.

खसताटी

मागच्या डागांचं कारणही तेच वाढवलेलं माप. कागदाबाहेर पडलेली शाई खालच्या स्पंजच्या पट्टीवर जाते, तिचा बारीक तुषार कागदाच्या वाटेवरच्या पट्ट्यांवर आणि रोलरवर बसतो, आणि पुढचा कागद ती पुसत जातो. साधा ए४ बाँड पेपर घाला, मेंटेनन्समधून ‘पेपर गाइड क्लीनिंग’ चालवा, कागद स्वच्छ बाहेर येईपर्यंत. तीनचार पानं लागतात. स्पंजला कापूस, टिश्यू किंवा ओला फडका लावू नका, तंतू अडकतात आणि ते हेडला लागतात. एकाच वेळी बरेच बॉर्डरलेस काढायचे असतील तर दर दहा प्रिंटनंतर एक कोरा बाँड पेपर पास करा. प्रिंट एकमेकांवर रचताना मधे कोरा कागद ठेवा, आणि फ्रेम करायच्या असतील तर २४ तास उघड्यावर सुकू द्या, नाहीतर शाईतली वाफ काचेच्या आतून धुक्यासारखी बसते. काच आणि प्रिंट यांच्यात माउंटबोर्डाची जाडी असू द्या, फ्रेम पश्चिमेच्या खिडकीसमोर नको.